उरलेली जर्सी

शनिवार, ६ सप्टेंबर. ॲडलेड, मॉसन लेक्सपासून जवळच, आमच्या फुटबॉल क्लबचं जुनं मैदान. हवा ढगाळ, वारा दक्षिणेचा, गवत ओलं.

हजर: बॅरी, आमचा तेव्हाचा कोच, आता दोन्ही गुडघे नवे. स्टेला, जी तेव्हा कॅन्टीन चालवायची आणि अजूनही चालवते. निखिल, माझा नवरा, तेव्हाचा राखीव गोलकीपर. इरा, आमची मुलगी, वय तेरा, कानात इअरफोन. आणि मी, तेव्हाची टीम मॅनेजर. शिवाय क्लबची नवी मुलं, ज्यांनी छपराचं काम अंगावर घेतलं होतं.

गैरहजर: तोमोया.

क्लबची खोली सोमवारी पाडणार आहेत. तिथे मुलींच्या टीमसाठी नीटनेटक्या चेंजिंग रूम होणार आहेत, आणि ते फार आधी व्हायला हवं होतं. पाडण्यापूर्वी उपयोगाचं सगळं बाहेर काढायचं म्हणून जुन्या लोकांना बोलावलं. आम्ही आता राहतो त्या ग्लेन वेव्हर्लीहून पहाटेच्या फ्लाइटने आलो, संध्याकाळच्या फ्लाइटने परत जायचं. विमानात मी यादी केली. गोलच्या जाळ्या, ट्रॉफ्या, कॅन्टीनमधलं चहाचं मोठं भांडं, भिंतीवरच्या खुंट्या, किल्ल्या परत करणे. आणि सगळ्यात खाली: तोमोयाला उत्तर.

ती ओळ यादीत आली ती गुरुवारी आलेल्या मेसेजमुळे. मी इराच्या शाळेबाहेर गाडीत बसले होते. एरवी तोमोया नवीन वर्षाला एक फोटो पाठवतो, बर्फाचा किंवा मुलीचा, आणि खाली दोन शब्द. या वेळी मोठा मजकूर होता. मराठीत सांगायचं तर असा:

"मी खेळणं थांबवतोय. पुढच्या रविवारी शेवटची मॅच, माझ्या गावातल्या क्लबकडून. त्यांनी विचारलंय की त्या दिवशी तुला कुठे खेळायचंय, तू सांगशील ती जागा तुझी. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवायचंय, मग ते जर्सी छापायला देतील. मी तीन दिवस विचार करतोय. मला असं आधी विचारलं गेलं ते आयुष्यात एकदाच, तुमच्याकडे, शेवटच्या मॅचला. तेव्हा मी कुठली जर्सी घेतली होती? मला आठवत नाही. तुला माहीत असेल. तू सगळं लिहून ठेवायचीस."

मला माहीत असेल असं मलाही वाटलं. मी लगेच टाइप करायला घेतलं आणि आकड्यापाशी थांबले.

निखिलला फोन केला. तो म्हणाला, "एक नंबर. त्यात विचारायचं काय?" ते बरोबर नव्हतं, एवढं मला नक्की वाटलं. मग बरोबर काय होतं? ते मात्र आठवेना.

आज सकाळी त्या खोलीचं दार उघडलं आणि आधी वास आला. ओल्या मोज्यांचा, दुखऱ्या पायांना चोळायच्या मलमाचा, कापलेल्या संत्र्यांचा आणि मैदानावर रेषा मारायच्या चुन्याचा. इतक्या वर्षांत तिथे चार वेळा रंग दिला गेला असेल, पण वास रंगाखालून वर आलाच. मी दारातच उभी राहिले. मागून निखिल म्हणाला, "सरक की. यादी आत जाऊन वाच."

समोर ती भिंत होती.

बाहेरच्या माणसाला ती भिंत समजावून सांगावी लागते. बॅरीने कोच झाल्यावर झाडूच्या दांड्या कापून अकरा खुंट्या केल्या आणि त्या भिंतीवर मैदानासारख्या ठोकल्या. दाराजवळ एकटी एक, ती गोलकीपरची. मग बचावाची रांग, मग मधली, आणि खिडकीपाशी पुढच्यांची. मॅचच्या सकाळी प्रत्येक खुंटीवर त्या त्या नंबरची जर्सी. बॅरी बोलायचा नाही. बोलून उपयोगही नव्हता. आमच्या टीममध्ये ग्रीक होते, सुदानचे दोघे भाऊ होते, एक इराणी दंतवैद्य होता, कुणाचं इंग्रजी कुणाला पुरं कळायचं नाही. बॅरीचं स्वतःचंही नाही, तो शब्द अर्ध्यात गिळतो. म्हणून ही पद्धत. क्लबमध्ये जो सगळ्यात जुना, तो आधी उठणार. तो जी जर्सी काढेल ती त्याची त्या दिवसाची जागा. मग त्याच्यानंतरचा. कुणाला दुसऱ्याची जागा हवी असेल तर त्याने डोळ्यांनीच काय ते ठरवायचं. बॅरी फक्त खाकरायचा, आणि खाकरला की जर्सी परत टांगायची.

तोमोया शेवटी उठायचा. पहिल्या सीझनला तो सगळ्यात नवा होता म्हणून. दुसऱ्या सीझनला नव्हता, तरी शेवटी. तिसऱ्याला तर सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. दहा जण जर्सी घालून बूट बांधत असायचे आणि भिंतीवर एक उरलेली असायची. तो उठायचा, ती काढायचा, जराशी मान झुकवायचा, जर्सीला की भिंतीला कोण जाणे, आणि अंगात घालायचा. मग ती तीन असो, सहा असो, अकरा असो. आणि त्या जागेवर असा खेळायचा की समोरच्या टीमचा कोच विचारायचा, हा तुमचा लेफ्ट बॅक कुठून आणलात? पुढच्या महिन्यात तोच कोच दुसऱ्या फेरीला आला की विचारायचा, आणि हा नवा स्ट्रायकर कोण?

आमच्या शाळेच्या पेपरात पहिला प्रश्न गाळलेल्या जागा भरा असा असायचा. मी तोमोयाला तो प्रश्न एकदा समजावून सांगितला. तो खूप हसला. म्हणाला, "आमच्याकडेही असतो."

तो आमच्याच घरात राहायचा. घर म्हणजे युनिव्हर्सिटीच्या पाठीमागचं भाड्याचं, आम्ही पुण्या-मुंबईची चौघं. एक खोली रिकामी झाली तेव्हाच बॅरी कॅन्टीनपाशी कुणालातरी सांगत होता की जपानचा एक प्रोफेशनल येतोय आणि त्याला राहायला जागा नाही. मी तेव्हा क्लबमध्ये नव्हते, निखिलची मॅच बघायला गेले होते, आणि त्यातही निखिल बाकावरच बसला होता. मी म्हटलं, आमच्याकडे खोली आहे. ऐकलं आणि बोलले, एवढंच. त्यानंतर तीन वर्षं मी टीम मॅनेजर कशी झाले, कुणी मला कधी नेमलं, हे आजही सांगता येत नाही.

तोमोया आला तो उन्हाळ्यात, एक सूटकेस आणि राइस कुकर घेऊन. बोलायचा कमी. पण मागच्या पायरीवर बसून बूट पुसताना एखादं वाक्य पुढे सरकवायचा. शाळेत तो पुढे खेळायचा, गोल मारायचा. मग एका स्पर्धेत गोलकीपर आजारी पडला, तर हा उभा राहिला. क्लबने करार केला तेव्हा त्यांना राइट बॅक हवा होता. पुढच्या वर्षी दुसराच कोच आला, त्याला मधला हवा होता. असं करत करत तेविसाव्या वर्षी क्लबने त्याला मोकळं केलं. का, ते त्याने सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. बुटांना पॉलिश लावताना तो फक्त म्हणाला होता, "सगळ्यांना मी आवडायचो."

त्या घरातल्या उन्हाळ्याचे वास अजून वेगळे काढता येतात. एका शेगडीवर आमची फोडणी, बाजूला त्याच्या कुकरची वाफ. फ्रिजच्या दारावर मी लावलेला पाळ्यांचा तक्ता: स्वयंपाक, भांडी, कचऱ्याचे डबे बाहेर ठेवणे. तोमोयाची पाळी आठवड्यातून एकदा होती, पण ज्याला शिफ्ट लागायची, ज्याची असाइनमेंट असायची, त्याच्या जागी तो उभा असायचा, आधीच हात धुतलेला. एकदा निखिलच्या आईने पाठवलेलं मेतकूट त्याने उघडून हुंगलं. त्याच्या गावाकडे भातावर भुरभुरायचं काहीतरी असतं, तसंच ते असणार असं समजून त्याने गरम भातावर घातलं, वरून तूप मी घातलं. तो खात राहिला. दुसऱ्या दिवशीपासून बरणी त्याच्या बाजूला सरकली ती कायमची. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगायचो, कपडे कमी आणा, मेतकूट आणा.

मग पाऊस. ॲडलेडचा हिवाळ्यातला, बारीक, आडवा, कॉलरमधून आत शिरणारा. शनिवारी सकाळी मी सिंकमध्ये संत्री कापायची, चार फोडी एका संत्र्याच्या, आणि बोटं गारठून सालीसारखी पिवळी पडायची. गाडीत मागच्या सीटवर तोमोया मांडीवर डबा घेऊन बसायचा, झाकण उडू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरलेला. निखिल पुढे बसून बोलत असायचा. मी चालवत असायचे. अख्खं तारुण्य त्या गाडीत गेलं असं आता वाटतं, आणि गाडी तर फक्त दोन सीझन होती.

आज मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि बॅरीला विचारलं, "तोमोयाने शेवटच्या मॅचला कुठली जर्सी घेतली होती?"

बॅरी ट्रॉफ्या वर्तमानपत्रात गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "तीन. लेफ्ट बॅक. मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यात चांगला लेफ्ट बॅक होता तो, मेट. हे त्यालाही माहीत होतं."

"तीन?" कॅन्टीनच्या खिडकीतून स्टेला ओरडली. "तुझे गुडघे बदलले तेव्हा डोकंही बदललं का? नऊ! नऊ घेतली आणि सुरुवातीलाच गोल मारला. माझ्या हातातला चिप्सचा ट्रे पडला. रांगेत उभ्या मिस्टर फेरारोच्या बुटांवर पडला. तो माणूस पुढे वर्षभर माझ्याशी बोलला नाही."

"गोल मारला तो आदल्या आठवड्यात."

"आदल्या आठवड्यात मी माझ्या बहिणीकडे होते, डार्लिंग. कॅन्टीन बंद होतं. सगळे उपाशी राहिलात आणि हरलात."

बॅरी खाकरला. त्याच्या खाकरण्याने स्टेलाला कधीच फरक पडलेला नाही.

निखिल शिडीवरून जाळी सोडवत होता, तिथून म्हणाला, "एक. गोलकीपर. माझ्याइतकं कुणाच्या लक्षात राहणार? आपला कीपर त्या दिवशी लग्नाला गेला होता, मी खेळणार होतो. सीझनमधली माझी पहिली मॅच! तोमो भिंतीसमोर उभा, आणि मी बाकावर बसून मनात म्हणतोय, एक सोडून काहीही घे रे बाबा."

"मग?"

"मग त्याने एक घेतली."

"अरे, तू खेळलास त्या दिवशी," मी म्हटलं. "तुझं बोट वाकडं झालं की त्या मॅचला. मी हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले तुला."

निखिलने करंगळी वर केली. ती अजूनही बाहेरच्या बाजूला वळलेली आहे. इराने इअरफोन काढून ती करंगळी निरखून बघितली.

"हे प्रॅक्टिसला झालं," निखिल म्हणाला.

"मॅचला."

"माझं बोट आहे ना?"

"डॅड, यू टोल्ड मी यू सेव्ह्ड अ पेनल्टी विथ दॅट फिंगर," इरा म्हणाली.

स्टेला इतकी हसली की तिला बसावं लागलं. "पेनल्टी तोमोने अडवली! याचं बोट मोडल्यावर तो गोलमध्ये गेला आणि त्याने अडवली!"

"पण तो तर नऊ नंबर होता ना तुझ्या मते?" बॅरी म्हणाला.

"नऊ नंबर घालून गोलमध्ये गेला. त्यात काय एवढं?"

असं चाललं होतं. आणि मी त्या तिघांमध्ये स्क्रूड्रायव्हर घेऊन उभी होते. हॉस्पिटलमध्ये माझं काम रोस्टरचं आहे. कोण कुठल्या वॉर्डात, कुठल्या शिफ्टला, कुणी आजारी पडलं तर त्या जागी कोण, हे मी दिवसभर करते आणि त्यात माझी चूक सहसा होत नाही. इथे एकच माणूस होता आणि एकच सकाळ.

जेवढं मला नक्की आठवतं तेवढं इथे लिहून ठेवते.

तोमोया डार्विनला जाणार होता. तिथल्या क्लबने बोलावलं होतं, आमच्याकडची ती शेवटची मॅच. जर्सी मी आदल्या दिवशी धुतल्या होत्या, त्यांना अजून दमट वास होता. सगळे आले, बाकांवर बसले. सगळ्यात जुना, आमचा कप्तान, उठायला लागला आणि बॅरीने हात आडवा केला. म्हणाला, "आज तोमो पहिला."

छपरावर पाऊस वाजत होता. तोमोया मोज्यांवर होता, एक पाय बाकावर. त्याने आधी आजूबाजूला बघितलं, आपल्याला नीट कळलं नाही की काय अशा नजरेने. मग माझ्याकडे. मी भिंतीकडे बोट दाखवलं. तो उठला आणि समोर जाऊन उभा राहिला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती भिंत भरलेली असताना तो तिच्यासमोर कधी उभाच राहिला नव्हता. त्याची उठायची वेळ येईपर्यंत तिथे एकच जर्सी असायची.

तो बराच वेळ उभा राहिला. एका जर्सीच्या बाहीला हात लावला. मग बाजूला सरकला. पुन्हा पहिल्या जागी आला. सुदानच्या धाकट्या भावाने काहीतरी विनोद केला आणि त्याच्यावर कुणी हसलं नाही. बाहेरून रेफ्रीची शिट्टी आली, मग दारावर थाप. बॅरीने मला मानेने खूण केली, आणि मी टीम शीट घेऊन बाहेर गेले, रेफ्रीला थोपवायला. शीटवर नावं लिहिलेली होती, नंबर आत येऊन घालायचे होते. रेफ्री घड्याळ दाखवत होता. मी हवापाण्याबद्दल बोलले, गोलपोस्टच्या जाळीला भोक आहे ते बघता का म्हणाले, मला सुचेल ते बोलले.

परत आत आले तेव्हा भिंत रिकामी होती. सगळे एकदम उभे होते, बूट वाजत होते, आणि तोमोया ट्रॅकटॉपची चेन गळ्यापर्यंत लावून दाराकडे निघाला होता.

शीटवर नंबर मी लिहिलेच असणार. पण शीट रेफ्री घेऊन जातो, तिथून ती लीगकडे जाते आणि परत कधी येत नाही. आणि मैदानावर दहा मिनिटांत सगळे गुडघ्यापासून मानेपर्यंत एका रंगाचे झाले होते. लाइन्समन आला नव्हता, म्हणून झेंडा माझ्या हातात होता, मी पलीकडच्या कडेला पळत होते. त्या मॅचमध्ये तोमोया पुढे होता हे मला आठवतं, कारण तो माझ्याकडे धावत आला होता. तो मागे होता हेही आठवतं. आणि गोलमध्ये होता, हातमोजे त्याला मोठे होत होते, हेही. स्टेला, बॅरी आणि निखिल, तिघांनीही तेच पाहिलं असेल. पण खेळायला कुठे कुठे जावं लागलं ते वेगळं. त्याने काय घेतलं होतं?

परतताना गाडीत तो पुढे बसला होता, कारण निखिलला मागे बोट वर धरून आडवं व्हायचं होतं. म्हणजे मॅचलाच वाकलं होतं ते बोट. डब्यात संत्र्याच्या चार फोडी उरल्या होत्या, त्या त्याने खाल्ल्या आणि साली नीट एकात एक ठेवल्या. हॉस्पिटलच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "भिंत भरलेली छान दिसते."

मी तेव्हा तरी विचारायचं. सिग्नल सुटला आणि मी पार्किंग शोधायला लागले.

डार्विनला त्याला उष्णतेने पुरळ आलं, असा एक मेसेज आला होता. तिथून तो मोठ्या लीगमधल्या एका क्लबला गेला. त्यांचे बरेच खेळाडू जायबंदी होते. एका रविवारी दुपारी, इथल्या भाषेत आर्वोला, आम्ही तो टीव्हीवर पाहिला. आम्ही तेव्हा नुकते ग्लेन वेव्हर्लीला आलो होतो, खोके उघडायचे होते, टीव्ही जमिनीवर ठेवला होता, इरा माझ्या पोटात होती. तो डावीकडे आला, मग मध्ये गेला. कॉमेंट्रीवाल्याने त्याचं नाव दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा वेगळी जागा सांगितली. निखिल टीव्हीला हात लावून म्हणाला, "आपल्या घरात राहायचा हा." मग तो जपानला परत गेला. तिसऱ्या लीगमध्ये, मग चौथ्या, मग गावच्या क्लबमध्ये. गावात डोंगर आहे, शाळेचं मैदान आहे, बर्फ पडतो. फोटोंवरून मला एवढंच कळतं. मेतकुटाची बरणी तो घेऊन गेला होता. राइस कुकर आमच्याकडे ठेवला, त्याचं झाकण नंतर फुटलं, आणि तो कुणाला दिला की टाकला ते आता आम्हा दोघांपैकी कुणालाच आठवत नाही.

खुंट्या काढायला तासभर लागला. लाकूड फुगलं होतं. एकेक फिरवायची, कुरकुरायची, मग एकदम हातात यायची, आणि भिंतीत भोक उरायचं, आतून गोरं. मी काढत होते आणि कॅन्टीनच्या टेबलावर त्याच क्रमाने मांडत होते. दाराजवळची एकटी इकडे, मग बचाव, मग मधल्या. कुठली कुठली ते कळावं म्हणून. शेवटची खुंटी घेऊन वळले तर टेबल स्वच्छ होतं.

"इरा, इथल्या खुंट्या?"

"बकेटमध्ये," तिने बोट दाखवलं. "स्टेलाला टेबल हवं होतं."

"पण मी लावून ठेवल्या होत्या."

"मम्मा, दे आर ऑल द सेम."

मी बादलीत वाकून बघितलं. खरंच सगळ्या सारख्याच होत्या. कुठलीवर कुठली जर्सी असायची हे त्यांच्याकडे बघून सांगता येत नव्हतं. हातातली अकरावीही मी आत टाकली. आता तीही कुठली ते सांगता येईना.

बॅरी लंगडत आला. त्याने बादली उचलून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "जुन्या लोकांना एकेक. आणि एक तोमोला पाठवायची, पत्ता तुझ्याकडे आहे." मग खाकरला, आणि बादली माझ्याकडे सरकवली. "आधी तू."

"मी? मी खेळाडू नव्हते, बॅरी."

"आधी तू," तो पुन्हा म्हणाला.

निखिल शिडीवरून उतरून आला होता. स्टेलाने हात पुसले. तिघं टेबलाच्या पलीकडे उभे राहिले. त्या खोलीला शेवटी कुलूप लावणारी मीच असायचे. सगळे गेल्यावर उरलेले मोजे गोळा करायचे, संत्र्यांच्या साली, झेंडे, मग दिवा. आज बादलीत अकराच्या अकरा खुंट्या होत्या आणि माझा हात बादलीच्या काठावर होता.

कुठली घेऊ? एक जरा जाड वाटली. एकीचं टोक हात लागून लागून गुळगुळीत झालेलं होतं. मी ती धरली आणि सोडली. पुन्हा तिच्याकडेच आले. वेळ किती गेला असेल माहीत नाही. मागे भिंतीला अकरा भोकं होती, आणि छपरावर नव्या मुलांचे बूट वाजत होते.

"मम्मा," इरा हळूच म्हणाली, "फ्लाइट."

माझा फोन टेबलावर होता. त्यावर तोमोयाचं नाव उजळलं. जपान ॲडलेडच्या मागे अर्धाच तास आहे, तिकडेही दुपार कलली होती. मी उत्तर दिलं नव्हतं म्हणून तोच काहीतरी लिहीत होता. नावाखाली ते तीन ठिपके हलत होते. थांबले. पुन्हा हलायला लागले. पुन्हा थांबले. मजकूर काही येईना.

"तीन सांग त्याला," बॅरी म्हणाला.

"नऊ," स्टेला म्हणाली.

निखिल या वेळी आपल्या करंगळीकडे बघत होता.

विमानतळावर बसून ही यादी पुरी करते आहे. जाळ्या: काढल्या, नव्या मुलांकडे दिल्या. ट्रॉफ्या: गुंडाळल्या. चहाचं भांडं: स्टेलाच्या गाडीत. किल्ल्या: परत केल्या. खुंट्या: काढल्या. बॅरीने बादलीच माझ्याबरोबर दिली, म्हणाला, घरी जाऊन निवड, मग बाकीच्या पाठव. ती आता माझ्या पायाशी आहे, सिक्युरिटीवाल्याने दोनदा आत हात घालून बघितली.

तोमोयाला उत्तर: बाकी.